महाविद्यालयाच्या शोधात : डॉ. आनंदीबाई जोशी

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांमध्ये अलीकडे एक नवाच उत्साह आमच्या दृष्टीस पडत आहे. मधल्या सुट्टीत जेथे पूर्वी सामन्यांच्या गोष्टी रंगत, तेथे आता कोणत्या महाविद्यालयात कोणती शाखा आहे, वसतिगृहाचे शुल्क किती, प्रवेशास किती गुण लागतात, अशा प्रश्नांची चर्चा चालते. शालान्त परीक्षेस अद्याप दोन वर्षे अवकाश आहे, तोच नववीतील मुलामुलींनी पुणे, नाशिक, मुंबई येथील विद्यालयांची माहिती वहीत टिपून ठेविली आहे. कित्येक पालकांस हा प्रकार अकाली वाटतो. पीक उभे राहण्यापूर्वीच बाजारभावाची चौकशी करण्यासारखे हे आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यात काहीच तथ्य नाही, असे आम्ही म्हणत नाही. परंतु चांगला शेतकरी पेरणीपूर्वीच बियाण्याची चौकशी करितो, हेही पुणतांब्यातील पालकांस आम्ही सांगावयास पाहिजे असे नाही.

हा उत्साह योग्य की अयोग्य, याचा निर्णय नुसत्या वादाने होणार नाही. त्यापेक्षा ज्या एका स्त्रीने अशा शोधात आपली कोवळी वर्षे वेचिली, तिचे चरित्र डोळ्यांसमोर आणणे आम्हांस अधिक उपयुक्त वाटते. ही स्त्री म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. त्यांचे नाव बहुतेकांच्या कानावरून गेलेले असते. अमेरिकेस जाऊन वैद्यकाची पदवी मिळविणारी पहिली हिंदू स्त्री, एवढे शाळेतील पोरसुद्धा सांगेल. परंतु ते महाविद्यालय त्यांस सापडले कसे, त्यासाठी किती दारे ठोठवावी लागली, व त्याची किंमत काय पडली, हे फारसे कोणी सांगत नाही. आमच्या विद्यार्थ्यांस आज हाच भाग जवळचा वाटेल, म्हणून तोच विस्ताराने सांगण्याचा आमचा विचार आहे.

आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 रोजी झाला. माहेरचे नाव यमुना. त्यांचे बालपण कल्याण येथे गेले. घराणे एके काळी जमीनदारीचे, परंतु पुढे उतरती कळा लागलेले. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोपाळराव जोशी यांजबरोबर झाला. गोपाळराव हे विधुर, वयाने पत्नीपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे, व टपालखात्यात नोकरीस होते. त्यांचे मूळ गाव संगमनेर. म्हणजे ही कल्याणची कन्या आमच्याच जिल्ह्याची सून झाली. ज्या प्रवरेच्या काठी संगमनेर वसले आहे, ती प्रवरा पुढे आमच्या गोदावरीसच मिळते. तेव्हा या चरित्राशी आमचे काही नाते आहे असे आम्ही म्हटले, तर ते वाचकांस अतिशयोक्तीचे वाटू नये.

आपल्या पत्नीस शिकविण्यास कोणी आडकाठी करू नये, ही गोपाळरावांची विवाहापूर्वीचीच अट होती. त्या काळी मुलीच्या हाती पाटी दिसणे हेच पुष्कळांस अशुभ वाटे; शिकलेल्या स्त्रीस वैधव्य येते, अशी समजूत घरोघर होती. गोपाळरावांनी या समजुतीस भीक घातली नाही. विवाहानंतर यमुनेची आनंदी झाली, व घरकामाबरोबर अक्षरओळख सुरू झाली. परंतु येथेच एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. गोपाळरावांचा स्वभाव हट्टी व तापट होता. अभ्यास सोडून पत्नी स्वयंपाकघरात रमलेली दिसली की ते तिच्यावर हातही उगारीत. इतर घरांतील मुलींस शिकण्याबद्दल मार पडे, तर या घरातील मुलीस न शिकण्याबद्दल पडे. हेतू उदात्त असला म्हणजे साधन आपोआप निर्दोष ठरते असे नाही, हे या उदाहरणावरून उघड होते.

सासरमाहेरच्या मंडळींचा अडथळा चुकविण्यासाठी गोपाळरावांनी बदली मागून घेतली, व अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता असा त्या दोघांचा प्रवास होत गेला. गाव बदले, शेजार बदले, भाषा बदले. परंतु अभ्यास चालू राही. मराठी, संस्कृत व इंग्रजी या भाषांत आनंदीबाईंनी हळूहळू चांगली गती मिळविली.

पंधरा वर्षेही पुरी झाली नव्हती, तोच त्यांस एक पुत्र झाला, व अवघ्या दहा दिवसांत तो गेला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर कदाचित मूल वाचते, हे शल्य त्या बालमातेच्या मनात कायमचे राहिले. त्या काळी पुरुष डॉक्टरांपुढे जाण्यास आपल्याकडील स्त्रिया धजत नसत, व स्त्री डॉक्टर तर मिळत नसे. बाळंतपणात, तापात, साध्या उपचारावाचून किती स्त्रिया व अर्भके मृत्युमुखी पडत, याची गणती कोणी ठेविली नाही. या दुःखातून आनंदीबाईंच्या मनात एक निश्चय उभा राहिला, की आपण स्वतः वैद्यकाचे शिक्षण घ्यावयाचे व आपल्या देशभगिनींची सेवा करावयाची. आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी पहिली गोष्ट हीच, की काय शिकावयाचे व कोणासाठी शिकावयाचे हे आनंदीबाईंस आधी कळले. कोठे शिकावयाचे हा प्रश्न त्यानंतर उभा राहिला. आज बहुधा याच्या उलट क्रम दिसतो.

आता तो दुसरा प्रश्न किती बिकट होता ते पाहू. कलकत्त्याचे वैद्यकीय महाविद्यालय 1835 साली, तर मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय 1845 साली स्थापन झालेले होते. इमारती होत्या, प्राध्यापक होते, विद्यार्थी होते. परंतु 1880 च्या सुमारास या दोन्ही ठिकाणी स्त्रियांस दार बंद होते. मद्रासेस मात्र 1875 पासून काही स्त्रियांस प्रवेश मिळू लागला होता. परदेशाचा विचार केला, तर लंडन येथे 1874 साली केवळ स्त्रियांसाठी वैद्यकाची शाळा निघाली होती. व अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी 1850 साली स्थापन झालेले स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय तीस वर्षे चालू होते. अवघ्या जगात अशी ठिकाणे बोटांवर मोजण्याइतकीच. आणि ती ठिकाणे कोठे आहेत, हे टपालखात्यातील एका कारकुनाच्या तरुण पत्नीने शोधावे तरी कसे? माहितीपत्रके नव्हती, सल्ला देणारे मार्गदर्शक नव्हते. होते ते एकच साधन, व ते म्हणजे पत्र. गोपाळराव टपालखात्यात होते हा योगायोग, परंतु या सर्व शोधाचा भार टपालानेच वाहिला, हे मात्र खरे.

कोल्हापुरास असताना गोपाळरावांनी तेथील अमेरिकन मिशनच्या मंडळींशी परिचय करून घेतला. त्या मिशनचे संस्थापक रेव्हरंड रॉयल वाइल्डर हे तोपर्यंत अमेरिकेस परत गेले होते, व प्रिन्स्टन येथून मिशनकार्यास वाहिलेले एक नियतकालिक चालवीत होते. आपल्या पत्नीस अमेरिकेत शिक्षण मिळावे व आपणांसही तेथे काही काम मिळावे, अशी विनंती गोपाळरावांनी त्यांस पत्राने केली. उत्तर आले, परंतु ते मनाजोगे नव्हते. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास साहाय्य करता येईल, असा त्याचा आशय होता. जोशी दांपत्याने ही अट मान्य केली नाही. आमची शाळा मिशनची. तरीही, किंबहुना म्हणूनच, ही गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. ज्या श्रद्धेचा मोबदला म्हणून विद्या मिळते, ती श्रद्धा खरी नव्हे, हे ख्रिस्ती मनुष्यानेच प्रथम म्हटले पाहिजे. आनंदीबाईंनी आपला धर्म न सोडता विद्या मागितली, आणि पुढे ती त्यांस मिळवून देण्यास ख्रिस्ती माणसेच कोणतीही अट न घालता पुढे आली, हे याच चरित्रात आपणांस दिसणार आहे.

वाइल्डरसाहेबांनी हा पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. तेथेच तो पडून राहावयाचा. परंतु 1880 साली न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या एक बाई दंतवैद्याकडे गेल्या असता, आपली पाळी येईपर्यंत वेळ घालविण्यास त्यांनी तेथील एक जुना अंक हाती घेतला. त्यात हा पत्रव्यवहार त्यांच्या वाचनात आला. हजारो मैलांवरील एका मुलीची शिकण्याची ओढ, व तिला मदत करण्याची तिच्या पतीची खटपट, यांनी त्या सद्गृहिणीचे मन हेलावले, व त्यांनी आनंदीबाईंस पत्र घातले. यातून जो पत्रव्यवहार सुरू झाला, तो पुढे जवळजवळ तीन वर्षे अखंड चालला. आपल्याकडील सण, चालीरीती, बालविवाहाचे स्त्रियांच्या प्रकृतीवर होणारे परिणाम, अशा नाना विषयांवर आनंदीबाई लिहीत. एकमेकींचे तोंडही न पाहिलेल्या या दोघींत मावशी व भाची असे नाते जुळले. परक्या देशात जाऊन कोठे उतरावयाचे, या चिंतेचे उत्तर अशा रीतीने सापडले.

परंतु महाविद्यालय अद्याप निश्चित झालेले नव्हते. कलकत्त्यास आल्यावर आनंदीबाईंची प्रकृती बिघडू लागली. डोकेदुखी, ताप, अशक्तता यांनी त्या त्रस्त झाल्या. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठविली, तरी गुण येईना. तेथेच थॉर्बर्न नावाच्या एका डॉक्टर दांपत्याची ओळख झाली, व फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात अर्ज करावा, अशी सूचना त्यांनी केली. इतक्या वर्षांच्या शोधास या सूचनेने निश्चित दिशा मिळाली. गोपाळरावांस नोकरीमुळे तत्काळ निघणे शक्य नव्हते, म्हणून आनंदीबाईंनी एकटीने पुढे जावे असे ठरले.

ही वार्ता पसरताच टीकेचा भडिमार सुरू झाला. अठरा वर्षांची ब्राह्मण स्त्री, पतीवाचून, समुद्र ओलांडून, परधर्मीयांच्या देशात जाणार, हे त्या काळच्या समाजास पटण्याजोगे नव्हते. या टीकेला आनंदीबाईंनी जे उत्तर दिले, ते त्यांच्या चरित्रातील एक उज्ज्वल प्रसंग होय. 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूर येथील कॉलेजच्या दिवाणखान्यात त्यांनी जाहीर व्याख्यान दिले. हे श्रीरामपूर आमच्या शेजारचे नव्हे, तर कलकत्त्याजवळचे, विल्यम केरी व त्यांचे सहकारी यांच्या मिशनकार्याने प्रसिद्ध झालेले. लोक आपणांस जे प्रश्न विचारितात, ते त्यांनी एकामागून एक मांडले. अमेरिकेस कशासाठी जावयाचे. हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय. एकटीने का जावयाचे. परत आल्यावर जातीने बहिष्कार घातला तर काय. परदेशी काही संकट ओढवले तर काय. आणि पूर्वी कोणत्याही स्त्रीने जे केले नाही, ते तुम्हीच का करावे. या साऱ्या प्रश्नांचा त्यांनी इंग्रजीत, न डगमगता, विचार केला.

यांतील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावे. आपल्या देशात सोय नाही असे त्यांनी मोघमपणे म्हटले नाही. मद्रासेस एक महाविद्यालय आहे, इतरत्र केवळ सुइणीच्या कामाचे वर्ग आहेत, तेथील शिक्षण अपुरे आहे, व शिकविणारे स्त्रियांच्या बाबतीत सनातनी मताचे आहेत, अशी त्यांनी एकेका ठिकाणाची परीक्षा केली. म्हणजे परदेशाची हौस म्हणून त्या निघाल्या नव्हत्या. जवळची दारे तपासून, ती का पुरेशी नाहीत हे ठरवून, मग त्यांनी दूरचे दार निवडिले होते. आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, आणि परतल्यावर स्त्रियांसाठी वैद्यकीय शिक्षणाची सोय आपल्याच देशात करू, असा मनोदयही त्यांनी व्यक्त केला. या व्याख्यानाचा बोभाटा झाला, व देशाच्या निरनिराळ्या भागांतून त्यांस आर्थिक साहाय्य येऊ लागले.

7 एप्रिल 1883 रोजी आनंदीबाईंनी कलकत्ता सोडले. बरोबर थॉर्बर्न दांपत्याच्या परिचयातील मिशनच्या स्त्रिया होत्या. सुमारे दोन महिन्यांच्या प्रवासानंतर 4 जून रोजी त्या न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या. धक्क्यावर कार्पेंटरबाई वाट पाहत होत्या. रोझेल येथील त्यांच्या घरी आनंदीबाईंनी उन्हाळा घालविला, व तेथूनच जूनच्या अखेरीस महाविद्यालयास प्रवेशासाठी अर्ज लिहिला.

हा अर्ज आज उपलब्ध आहे, व अर्ज कसा लिहावा याचा तो उत्तम नमुना आहे. प्रवेशास लागणारी प्रत्येक अट आपण पुरी करू शकत नाही, हे आनंदीबाईंनी त्यात लपविले नाही. आपले शिक्षण किती झाले, आपणांस काय येते, हे त्यांनी सरळ सांगितले. स्वजनांचा व जातीचा विरोध पत्करून आपण एवढ्या दूर आलो, तो निश्चयच आपली योग्यता मानावी, आणि ज्या गरीब, दुःखी स्त्रिया पुरुष वैद्यांकडे जाण्यापेक्षा मरण पत्करितात, त्यांस साहाय्य करणे हा आपला हेतू आहे, असा त्या अर्जाचा मथितार्थ होता. महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचेल बॉडली या स्वतः रसायनशास्त्राच्या विदुषी होत्या. त्यांनी आनंदीबाईंस प्रवेश दिला, व शिष्यवृत्तीचीही तजवीज झाली. शोध संपला, व खरा अभ्यास सुरू झाला.

फिलाडेल्फियातील तीन वर्षे सुखाची गेली असे कोणी समजू नये. तेथील थंडी हाडे गोठविणारी. आनंदीबाईंनी शाकाहार सोडला नाही, लुगडे सोडले नाही. अन्न अपुरे, श्रम अफाट, व शरीर मुळातच क्षीण, असा तिहेरी योग होता. याच काळात क्षयाने त्यांच्या शरीरात प्रवेश केला. तथापि विद्यालयातील वातावरण मन उंच करणारे होते. जपानहून आलेल्या केई ओकामी व सीरियाहून आलेल्या साबात इस्लामबुली या विद्यार्थिनी त्यांच्या बरोबर तेथे शिकत होत्या. 1885 साली काढलेले या तिघींचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. प्रत्येकीने आपापल्या देशाचा वेष केलेला आहे. तीन देश, तीन धर्म, तीन भाषा. परंतु आपल्या गावी आजारी पडलेल्या स्त्रीस स्त्री वैद्य मिळावी, हा ध्यास तिघींचा एकच.

11 मार्च 1886 रोजी आनंदीबाईंस वैद्यकाची पदवी मिळाली. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पदवीदानास गोपाळराव हजर होते, व पंडिता रमाबाई खास इंग्लंडहून आल्या होत्या. व्हिक्टोरिया राणीनेही अभिनंदनाचा संदेश पाठविला. कोल्हापूर संस्थानाने तेथील अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागावर त्यांची नेमणूक केली. ज्या कोल्हापुरातून शोधाचे पहिले पत्र सुटले होते, तेथेच डॉक्टर म्हणून परत जाण्याचा योग जुळून आला होता.

परंतु तो योग प्रत्यक्षात आला नाही. 1886 च्या नोव्हेंबरात आनंदीबाई मुंबईस उतरल्या, त्या दुखण्यानेच. ज्यांनी जाताना निंदा केली, त्यांतील पुष्कळ जण आता स्वागतास आले. परंतु देहात त्राण उरले नव्हते. उपचारांसाठी त्यांस पुण्यास नेण्यात आले. तेथे 26 फेब्रुवारी 1887 रोजी, बावीस वर्षे पुरी होण्यास एक महिना उरला असता, त्यांचा अंत झाला. एकाही रुग्णालयाची सूत्रे प्रत्यक्ष हाती घेण्याची संधी त्यांस मिळाली नाही. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली, व न्यूयॉर्क प्रांतातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवण्यात आली. पंडिता रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील आपला इंग्रजी ग्रंथ त्याच वर्षी आनंदीबाईंच्या स्मृतीस अर्पण केला. त्यांचे चरित्र अमेरिकेत कॅरोलिन डॉल यांनी इंग्रजीत व आपल्याकडे काशीबाई कानिटकर यांनी मराठीत लिहिले.

मग हा सारा शोध व्यर्थ गेला काय? इतका खटाटोप केला, आणि हाती काय आले, असा प्रश्न एखादा व्यवहारी पालक विचारील. त्याचे उत्तर आम्हांस असे दिसते. आनंदीबाई निघाल्या त्याच 1883 साली मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाचे दार स्त्रियांस उघडले, व कलकत्त्याचेही लवकरच उघडले. ही दारे एकट्या आनंदीबाईंमुळे उघडली असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यासाठी अनेकांनी कष्ट घेतले होते. परंतु हिंदू स्त्रीस हे शिक्षण झेपेल काय, या शंकेचे निरसन त्यांच्या पदवीने केले, यात संशय नाही. पुढे रखमाबाई लंडन येथील शाळेत शिकून 1894 साली डॉक्टर झाल्या, व त्यांनी सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ रुग्णसेवा केली. मागून येणाऱ्यांस वाट अनोळखी राहिली नव्हती.

आणि आमच्या परिसराकडे पाहा. गोपाळरावांच्या पिढीत, 1878 साली, दौंड ते मनमाड लोहमार्ग सुरू झाला, आणि चांगदेवांच्या समाधीचे हे गाव रेल्वेने जोडले गेले. 1947 साली जिल्ह्याच्या ठिकाणी डॉ. भास्कर हिवाळे यांच्या प्रयत्नाने अहमदनगर कॉलेज निघाले. 1984 साली आमच्या राहाता तालुक्यातच लोणी येथे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. संगमनेरच्या सुनेस जी विद्या मिळविण्यास दोन महिने समुद्रावर काढावे लागले, ती विद्या आज पुणतांब्याच्या मुलीस आपल्याच तालुक्यात मिळू शकते. महाविद्यालयांची माहिती तर घरबसल्या, हातातील यंत्रावर, क्षणात उमटते. तेव्हा आता अडचण माहितीच्या दुर्भिक्षाची नाही; माहिती इतकी आहे, की तिच्यातून निवड करणे हेच काम होऊन बसले आहे.

म्हणूनच या चरित्रापासून आमच्या विद्यार्थ्यांनी काही गोष्टी घ्याव्यात. पहिली, आधी हेतू, मग महाविद्यालय. केवळ मित्र जातो म्हणून किंवा इमारत सुंदर दिसते म्हणून केलेली निवड टिकत नाही. दुसरी, विचारावयास लाजू नये. आनंदीबाईंच्या घरून पहिले पत्र गेले, त्याचे उत्तर नकारासारखेच आले. परंतु तेच पत्र भलत्याच ठिकाणी वाचले गेले व कामास आले. तिसरी, एका दारावर सर्व भरवसा ठेवू नये, व जवळचे दार पाहिल्यावाचून दूरचे धरू नये. चौथी, आपल्यातील उणीव लपवू नये. ती सांगून तिच्याबरोबर आपली तयारीही सांगावी. आणि पाचवी, जी आनंदीबाईंस साधता आली नाही, ती आपण साधावी. शरीराची हेळसांड करून मिळविलेली विद्या वापरावयास शरीरच उरत नाही. ज्या गावी जावयाचे, तेथील हवा, अन्न, राहण्याची जागा व खर्च यांची चौकशी ही गुणांच्या चौकशीइतकीच महत्त्वाची आहे.

पालकांसही दोन शब्द सांगितल्यावाचून आमच्याने राहवत नाही. गोपाळरावांनी लोकनिंदा सोसली, नोकरीच्या बदल्या पत्करिल्या, पत्रांमागून पत्रे लिहिली, आणि पत्नीस एकटीने जाऊ दिले. त्यांच्या या धैर्याचे अनुकरण प्रत्येक बापाने करावे. परंतु त्यांचा धाक व त्यांचा हट्ट मात्र अनुकरणीय नव्हे. आपली अपुरी राहिलेली इच्छा मुलाच्या पाठीवर लादणे, आणि मुलाच्या स्वतःच्या इच्छेस बळ देणे, यांत मोठे अंतर आहे. आपला मुलगा किंवा मुलगी जेव्हा एखाद्या महाविद्यालयाचे नाव घेऊन येते, तेव्हा प्रथम हसू नये व प्रथम होही म्हणू नये. का, एवढेच शांतपणे विचारावे. उत्तर आले तर सोबत बसून खर्चाचा हिशेब मांडावा. उत्तर आले नाही, तरी दोन वर्षे हाती आहेत.

मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. आनंदीबाईंचा विवाह नवव्या वर्षी झाला, व कोवळ्या वयातील मातृत्वाने त्यांच्या जीवनास पहिला घाव घातला. आज कायद्याने मुलीचे वय अठरा पुरे झाल्यावाचून विवाह करता येत नाही. तरीही दहावीची परीक्षा होताच स्थळे पाहण्याची घाई कोठे कोठे होत असते, हे आम्ही जाणतो. ज्या मुलीच्या वहीत महाविद्यालयांची नावे टिपलेली आहेत, तिची ती वही बंद करण्यापूर्वी आईबापांनी एकदा उघडून वाचावी, एवढीच आमची विनंती आहे.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या उत्साहास आम्ही अकाली म्हणणार नाही. आपण प्रत्येकाने एक वही करावी. तिच्या पहिल्या पानावर आपणांस काय शिकावयाचे आहे व ते कोणाच्या उपयोगी पडावे, हे चार ओळींत लिहावे. त्यापुढील पानांवर महाविद्यालयांची नावे, शाखा, शुल्क, शिष्यवृत्त्या व प्रवेशपरीक्षा यांची माहिती भरावी. पुढील पाने बदलतील, खोडली जातील, नव्याने लिहिली जातील. त्यात वाईट काही नाही. पहिले पान मात्र मनापासून लिहिलेले असावे. तसे ते लिहिले गेले, तर एखादे महाविद्यालय न मिळाल्याने आपण खचणार नाही, व मिळाले तर तेथे जाऊन काय करावयाचे हे आपणांस ठाऊक असेल. आपल्या या शोधास यश लाभो, आणि ज्या विद्येचा उपयोग करण्यास आनंदीबाईंस आयुष्य पुरले नाही, ती आपल्या हातून दीर्घकाळ आपल्या गावाच्या व देशाच्या सेवेस लागो, अशी परमेश्वरचरणी आमची प्रार्थना आहे.